सुगंधाबाईची हरकत

"बसा, सुगंधाबाई," कमलबाई म्हणाल्या, आणि सुगंधानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. ओसरीवर तुरीचं पोतं होतं, सूप होतं, खांबाला लावून ठेवलेली लोखंडी घडीची खुर्ची होती, आणि मालकीणबाईंचा हात त्या खुर्चीकडं झाला होता. या घरात ती कितीतरी हंगाम धान्य निवडायला येत होती. हरभरा, तूर, गहू, सगळं तिच्या सुपातून जायचं. पण इतक्या वर्षांत तिला इथं कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. 'ए सुगंधे, सावलीत सरक.' 'सुगंधे, खडे राहिलेत गं.' 'ती धनगरीण आली का?' या हाका जुन्या चोळीसारख्या तिच्या अंगाला बसल्या होत्या, कुठं टोचत नव्हत्या. आज 'बसा' हा शब्द मात्र पाठीवर कुणीतरी गार हात ठेवावा तसा पडला. ती खुर्चीत बसली नाही. जमिनीवरही बसवेना, कारण खुर्ची मोकळी ठेवून खाली बसणं म्हणजे मालकीणबाईंचा शब्द मोडणं. ती खांबाला धरून उभी राहिली. तेवढ्यात चहा आला, रोजच्या जर्मनच्या पेल्यातून नव्हे, कपबशीतून. कपाला निळी नक्षी होती. कपाचा कान एवढासा, त्यात तिचं बोट शिरेना. तिनं कप दोन्ही हातांत वाटीसारखा धरला आणि चटका सोसत प्यायली. चहात आलं होतं. आलं घातलेला चहा या घरात कुणासाठी होतो, ते तिला माहीत होतं.

मग तात्याराव बाहेर आले. ग्यानबा, तिचा नवरा, यांच्याच जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा, त्यामुळं मालक समोर आले की तिची मान आपोआप खाली जायची. तात्याराव खुर्चीत बसले. तिला उगीचच सुटल्यासारखं वाटलं.

"सुगंधाबाई, तुमच्याकडं एक काम होतं," ते म्हणाले. "जिनिंगमागचं पडीक हाय ना, तुमच्या घराला लागून? तिथं सरकार घिसाड्यांची वस्ती बसवायलंय. स्टेशनमागं पालं टाकून पडलेत तेच लोक. नोटीस लागलीय. कुनाची हरकत असंल तर सोमवारी शाळेत येऊन सांगायची. परभनीचे साहेब येनार हायेत ऐकायला."

"मंग सांगा की मालक."

"आमी सांगूच. पन साहेब म्हननार, ह्याला जिनिंग वाढवायला जागा पायजे म्हून बोलायलाय. तुमी बोललात तर वजन पडंल. तुमचं घर शेजारी. बाईमानूस. आन् तुमी बी..." ते थांबले. त्यांनी शब्द निवडला, ती तुरीतला खडा निवडायची तसा. "तुमी बी फिरस्त्यातल्याच की. फिरस्त्यालाच फिरस्ता नको म्हनल्यावर साहेब काय बोलंल?"

तात्यारावांनी आवाज खाली आणला. "तुमचं घर बी तसं गायरानातच हाय. आजवर कुनी बोट लावलं का? लावनार बी न्हाई. उलट ते नावावर करून घेऊ. ग्यानबाला पक्क्या कामावर घ्यायचं बी माझ्या मनात हाय." आणि ते हसले. हसणं चांगलं होतं, त्यात खोट नव्हती, आणि त्याचंच तिला जास्त भ्या वाटलं.

घरी येताना जिभेवर आलं रेंगाळत होतं. स्टेशनमागच्या वाटेवर घिसाड्यांची पालं लागली. गाड्यांच्या आडोशाला भाता फुसफुसत होता, आणि सरजाबाई घण मारत होती. सरजाबाई तिच्याच वयाची, पण दंड पुरुषासारखे. नवरा सांडशीत लोखंड धरायचा आणि ही घण उचलायची. घणाचा तो आवाज पहाटेपासून सुगंधाच्या घरापर्यंत यायचा, डोक्यात खिळा ठोकल्यागत. सुगंधाला ही बाई आवडत नव्हती. या लोकांच्या कुत्र्यानं तिची खुडूक कोंबडी अंड्यांवरून ओढून नेली होती, आणि सरजाबाईनं तोंड वर करून सांगितलं होतं, आमचं कुत्रं न्हाई, कोल्हा असंल. तेव्हापासून नळावर गाठ पडली तरी दोघी एकमेकींकडं पाठ करायच्या. मग हरकत घ्यायला काय हरकत होती? खरंच शेजारी येऊन बसले तर हा घण रोज कानाशी. मालकांनी न सांगताही ती हेच म्हणाली असती कदाचित. पण मालकांनी सांगितलं होतं, खुर्ची देऊन सांगितलं होतं, आणि मध्ये तो शब्द टाकला होता. फिरस्त्यातल्याच. इतके दिवस ती धनगरीण होती, तात्यारावांच्या घरच्या निवडायच्या बायांपैकी एक होती, ग्यानबाची बायको होती. मालकांना गरज पडली तेव्हा त्यांनी तिला पुन्हा मेंढरांमागं नेऊन उभं केलं होतं, आणि तिथून परत येण्याची वाट आपल्याच हातात ठेवली होती.

तिची माय, धुरपताबाई, एक गोष्ट हसत हसत सांगायची. सुगंधाच्या जन्माची गोष्ट. एका गावच्या पाटलानं मेंढरं रानात बसवायला बोलावली होती. लेंड्यांनी रान खतवून झालं, आणि गाव म्हणायला लागलं, आता उठा. बाप हात जोडून म्हणाला, बाई अवघडलीय, आजच्या दिवस राहू द्या. गाव पारावर बसलं. बाप घोड्याचं दावं धरून लांब उभा होता. त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि ते त्याला ऐकू येत नव्हतं. मग निरोप आला, शीव ओलांडा. शिवेपल्याडच्या गावानं कुत्री भुंकताना ऐकली आणि त्यांची माणसं काठ्या घेऊन आडवी आली, इकडं नका. माय सांगायची, "ह्या गावचे तिकडं ढकलायलेत, त्या गावचे इकडं ढकलायलेत. माज्या पोटात कळ आली. मंग म्या शिवेच्या दगडाला टेकून मदीच बसले. म्हनलं, आता मारा न्हाईतर तोडा, मी उठत नसते." दोन्हीकडची माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग बाईचं ओरडणं ऐकून लाजून मागं सरली. अशी सुगंधा जन्मली. कुठल्या दोन गावांची शीव, ते मायनं कधी सांगितलं नाही. पुढं रेशनकार्ड काढायची वेळ आली तेव्हा जन्मगाव काय लिहायचं म्हणून खोळंबा झाला, आणि ग्यानबानं ताडकळस सांगून टाकलं, कारण तिथल्या बाजारात त्यांनी एकदा चांगल्या भावात मेंढे विकले होते. सुगंधाला त्या वेळी हसू आलं होतं. ताडकळसमध्ये तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. माय मात्र ती गोष्ट सांगताना नेहमी मांडी घालून बसायची, आणि 'मदीच बसले' म्हणताना जमिनीवर तळवा आपटायची. ती धपकन होणारी आपटी गोष्टीपेक्षा जास्त सुगंधाच्या लक्षात राहिली होती.

ग्यानबानं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू चोळत राहिला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं डोळ्यांदेखत वाळून मेली होती. शेवटची मेंढी त्यानं खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत नेली होती आणि पाण्याशी पोचल्यावर कळलं होतं की आपण मढं वाहायलोय. तेव्हापासून त्याला चालणं नको झालं होतं. जिनिंगच्या भिंतीशी कुडाचं घर घातलं, त्या दिवशी तो दारात पाय पसरून बसला होता आणि संध्याकाळपर्यंत उठला नव्हता.

"बोल की दोन शब्द," तो म्हणाला. "आपलं काय जातंय?"

"आपलं काय जातंय म्हून तर इचारायले."

"घिसाड्याशी तुजं कुटं पटतंय? कोंबडीपायी तू त्यायला शिव्या देत न्हाईस का?"

"मी शिव्या देते. मी त्यायला उठा म्हनले का?"

ग्यानबा तिच्याकडं बघत राहिला, अवघड जागी बोट लागल्यासारखा. "सुगंधे, आपलं घर मालकाच्या शब्दावर हाय," तो हळूच म्हणाला. तिला वाटलं, घर शब्दावर कसं काय उभं राहतं? मेढी आपण रोवल्या, कूड आपण लिंपला, शेण मी थापलं. शब्द कुठं बसलाय? आढ्यावर? आणि तिला नामांतराच्या दंगलीचं वर्ष आठवलं. तेव्हा रुळाच्या कडेनं बायका गाठोडी घेऊन चालल्या होत्या, लेकरं खांद्यावर, अंगाला जळक्याचा वास. फिरस्ते नव्हते ते, पिढ्यान् पिढ्या गावात राहिलेले, भिंती असलेले, दारं असलेले. सुगंधा आपल्या दारात उभी राहून बघत होती. त्यातल्या एकीनं पाणी मागितलं, तिनं दिलं. पिऊन झाल्यावर ती बाई घराकडं, कुडाकडं, दाराच्या फळीकडं असं टक लावून बघायला लागली की सुगंधानं नकळत फळी हातानं धरली होती. मागून तिला कळलं नाही आपण फळी कुणापासून धरली. त्या बाईपासून? ज्यांनी त्या बाईला उठवलं त्यांच्यापासून? आता इतक्या वर्षांनी तिला वाटलं, या घराचंही पुढं तेच होणार, हे त्या बाईला दिसलं असावं.

सोमवारपर्यंत कमलबाईंनी तिला बोलायला शिकवलं. तूर निवडता निवडता त्या शेजारी पाटावर बसायच्या आणि एकेक वाक्य द्यायच्या. 'हे लोक घाण करतात.' 'यांच्यामुळे चोऱ्या वाढतात.' 'आम्हां बायकांना असुरक्षित वाटतं.' सुगंधा सूप पाखडत ते म्हणून बघायची. घाण करत्येत. चोऱ्या करत्येत. हे शब्द तिच्या तोंडाला नवे नव्हतेच, फक्त आजवर ते दुसरीकडून यायचे. लहान असताना कुठल्याशा गावच्या विहिरीवर, बाजारात, रानाच्या बांधावर. तिच्या बापाकडं बघून अगदी हेच बोललं जायचं, आणि बाप कान हलवणाऱ्या घोड्यासारखा ऐकून घ्यायचा. 'असुरक्षित' तेवढं तिला येईना. असूर म्हणायची आणि पुढं जीभ अडायची. कमलबाई हसायच्या. "अहो असुरक्षित, अ-सु-र-क्षि-त." त्या प्रेमानंच शिकवत होत्या. एकदा त्यांनी तिच्या केसांतला तुरीचा फोल काढून टाकला, आईनं काढावा तसा. सुगंधाचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचीच चीड आली. एवढ्याशा हातानं आपण विरघळतोय, म्हणजे आपण किती कोरडे पडलो होतो. विरघळायचं नाही, तिनं मनात म्हटलं. सूप जोरात पाखडलं. फोलपटं कमलबाईंच्या मांडीवर उडाली.

शाळेचा हॉल भरला होता. पुढं टेबल, त्यावर हिरवा कपडा, मागं परभणीचे साहेब. तरुण होते, चष्मा लावलेले, सतत घाम पुसत होते. तात्यारावांनी सुगंधाला पुढच्या रांगेत बायकांत बसवलं. ती नवं लुगडं नेसून आली होती. तात्याराव आधी बोलले. ते चांगलं बोलायचे. "साहेब, नामांतरापासून इथलं वातावरन तुमाला माहीत हाय. कसंबसं निवलंय. अशात बाहेरचे लोक आनून कायमचे बसवले तर काय हुईल? आमी कुनाच्या इरोधात न्हाई. त्यांची सोय झालीच पायजे. पन इथं न्हाई." टाळ्या झाल्या. मग अजून एक-दोघं उठले. सगळ्यांचं शेवटी तेच यायचं, सोय झाली पाहिजे पण इथं नाही. सुगंधा ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचं लक्ष दाराकडं गेलं. दाराबाहेर, शाळेच्या पटांगणात, उन्हात घिसाडी बसले होते. पुरुष पुढं, बाया मागं. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, आणि आतही कुणी बोलावलं नव्हतं. सरजाबाई डोळ्यांवर हात धरून आत बघत होती. कान एका बाजूला कलवलेला. तिला काही ऐकू येत नव्हतं, हे तिच्या मानेवरून कळत होतं. सुगंधाच्या डोळ्यांसमोर घोड्याचं दावं आलं. आपला बाप कसा उभा असेल हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, तिचा जन्मच व्हायचा होता. आज दिसलं. मान अशीच असेल. एका बाजूला कललेली.

"सुगंधाबाई ग्यानबा देवकते," कारकुनानं नाव घेतलं.

ती उठली. टेबलापर्यंत चालत गेली. ग्यानबा मागं भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात.

"तुमची काय हरकत आहे, बाई?" साहेबांनी विचारलं.

शिकवलेली वाक्यं ओळीनं तोंडात उभी होती. "माजी हरकत हाय," ती म्हणाली.

"कशाला?"

"ह्या बोलन्याला."

"कोणत्या बोलण्याला?"

"हे सगळं चाललंय त्याला, साहेब. ज्यायचं बोलायलेत ते भाईर उनात बसलेत. त्यायला आत कामून घेतलं न्हाई?"

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. साहेब चष्मा सारखा करत म्हणाले, "आज हरकती ऐकायच्या आहेत. त्यांची तर हरकत नाही ना."

"तुमी इचारलं?"

"सुगंधाबाई," तात्याराव बसल्या जागेवरून म्हणाले, आवाज अजून गोडच होता, "ठरलंय तसं बोला."

साहेबांनी मान वर केली. "काय ठरलं होतं?"

आता मागं फिरता येणार नव्हतं, आणि तिला फिरायचंही नव्हतं. तिच्या अंगातून काहीतरी वर चढत होतं, गरम, जुनं, आलं घातलेल्या चहापेक्षा कितीतरी तिखट. "मला शिकवलंय साहेब. घान करत्येत म्हन. चोऱ्या करत्येत म्हन. बायांना असुर... ते काय हाय ते वाटतंय म्हन. मला ते नीट म्हनता बी येत न्हाई, मंग वाटंल कसं? मला तसं काय वाटत न्हाई. ह्यायच्या कुत्र्यानं माजी कोंबडी खाल्ली, ते खरं हाय. ते माजं आन् तिचं भांडन हाय. त्यापायी मी कुनाला ऊठ म्हननार न्हाई. आमाला म्हनत आलेत लोक. माज्या मायला म्हनले व्हते. माजं बी घर शब्दावर हाय म्हनत्येत, उद्या मला बी म्हनतील. म्हनू द्या. पन माज्या तोंडातून दुसऱ्याला म्हनवून घेऊ नका."

एवढं बोलून ती साहेबांकडं न बघता वळली आणि सरळ दाराकडं चालत गेली. लोकांनी पाय आखडून वाट दिली. उंबऱ्यात उभी राहून ती ओरडली, "ए सरजा, आत ये!"

सरजाबाई जागची हलली नाही. "कशाला?"

"तुमचं बोलायलेत आत."

"आत ये म्हनून कुनी सांगितलं?"

"मी सांगायले."

सरजाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नव्या लुगड्यासकट. हिचा काय डाव आहे, हे त्या डोळ्यांत स्वच्छ होतं. मग ती उठली, पदर खोचला, आणि मागचे सगळे उठले. हॉलमध्ये लोखंडाचा आणि कोळशाचा वास शिरला. सुगंधानं तेच गाऱ्हाणं सांगितलं असणार असं धरून सरजाबाई साहेबांसमोर पहिलं वाक्य बोलली ते असं, "कोंबडी आमच्या कुत्र्यानं न्हाई खाल्ली." सगळे हसले. साहेबही हसले. सुगंधा तेवढी हसली नाही. ही बाई अजूनही खोटं बोलत होती.

"बरं," साहेब म्हणाले, "जागेबद्दल सांगा."

"ती जागा आमाला नको."

तात्यारावांच्या तोंडावर हसू पसरलं. सुगंधानं वळून सरजाबाईकडं पाहिलं. एवढ्यासाठी आपण...? पण सरजाबाई पुढं बोलत होती. "जिनिंगमागं कोन येनार आमच्याकडं? पावसाळ्यात तितं तळं साचतं. आमाला रस्त्याच्या कडंला द्या. कास्तकार बाजाराला येतो, गाडीत वखराची पास असती, कुऱ्हाड असती, तितं थांबतो. तितं आमचं पोट हाय. जागा ठरवली, नोटीस लावली, हरकती बोलावल्या. आमाला ती दाखवली का कुनी? आमी काय कोंबड्या हाव, कुटं बी डालायला?"

रस्त्याच्या कडेला म्हणजे जिनिंगच्या फाटकासमोर, हे सगळ्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तात्यारावांचं हसू वाळून गेलं. मग जो गलका उठला त्यात कोण काय म्हणतंय ते कळेना. साहेब लिहीत होते. खूप वेळ लिहीत होते. शेवटी म्हणाले, दोन्ही जागा पाहू, मग कळवू. आणि जीपमध्ये बसून गेले. पटांगणात सरजाबाई सुगंधाच्या जवळून गेली, थांबली नाही. "तुला कुनी सांगितलं व्हतं मदी पडायला?" एवढं म्हणाली. सुगंधाला तिचा राग आला, आणि रागातच तिला बरं वाटलं. आभार मानले असते तर ते कुठं ठेवायचे हे तिला कळलं नसतं.

ग्यानबा तिच्या पुढं पुढं चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावरून त्याला परत पाठवलं. कमलबाईंच्या ओसरीवर दुसरी बाई निवडायला बसली. नळावरच्या बायका घागर भरेपर्यंत तिच्याकडं न बघण्यात गुंतलेल्या असायच्या. सुगंधा शेजारच्या गावात खुरपायला जायला लागली, कधी काम मिळायचं, कधी तसंच परत. तिला पश्चात्ताप शोधूनही सापडेना. रात्री अंथरुणावर पडताना ती छातीत चाचपून बघायची, भीती होती, बरीच होती, पण तिच्या खाली काहीतरी टणक लागायचं आणि ते लागलं की झोप यायची. ग्यानबाचं तसं नव्हतं. तो दिवसभर दारात बसायचा आणि जिनिंगच्या भोंग्याला दचकायचा. त्यातच त्याचा धाकटा भाऊ बिरू मेंढरं घेऊन पोखर्णीच्या बाजूनं आला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, कशाला इतं कुनाचं ऐकून घेता? चला माज्यासंगं. मेंढरं हायेत, घोडं हाय." ग्यानबानं रात्रीच भांडी गाठोड्यात बांधली. सकाळी सुगंधानं ते गाठोडं पाहिलं, सोडलं, आणि भांडी पुन्हा फळीवर लावली.

"तुमी जावा," ती म्हणाली. "खुशाल जावा. मी न्हाई यायची."

"आन् खाशील काय?"

"जे खाते ते."

"मालक ठेवंल का तुला हितं?"

"मालकाला इचारून मी जलमले न्हाई."

बिरू मान हलवत मेंढरं हाकत निघून गेला. ग्यानबा मेंढरं दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, मग परत येऊन दारात बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोजणीची माणसं आली. साखळी घेऊन ती जिनिंगमागं गेलीच नाहीत. रस्त्याच्या कडेला, फाटकासमोर, त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या. गावभर बातमी झाली. घिसाड्यांचा घण त्या दिवशी दुपारपर्यंत बंद होता, सगळे रेघा बघायला गेले होते. सुगंधा गेली नाही. तिला ठाऊक होतं, आता राग कुणाकडं वळणार.

दुसऱ्या दिवशी जिनिंगचा मुकादम, लिंबाजी, चार हमाल घेऊन आला. हमाल ग्यानबाच्या बरोबरचे, त्याच्यासंगं भाकरी खाल्लेले. ते खाली बघत होते. "ग्यानबा, मालकानं सांगितलंय, जागा मोकळी करा," लिंबाजी म्हणाला. "कापूस ठिवायचाय हितं. तुमी काढता का आमी काढू?"

सुगंधा कुडाला पाठ लावून उभी राहिली. "जागा सरकारची हाय. सरकारला येऊ द्या. मी साहेबापशी जाऊन बोलले, आता कुनापशी बी बोलीन."

"बाई, मी हुकमाचा मानूस हाय."

"मंग हुकूम देनाऱ्याला धाडा."

ग्यानबा उठला. काही न बोलता तो स्टेशनच्या वाटेला लागला. तिनं त्याची पाठ पाहिली, खांदे पडलेले, टोपी घट्ट धरलेली. जिनिंगच्या मागल्या दरवाज्याला तीच वाट होती. गेला हात जोडायला, तिला वाटलं, आणि त्याच्यावर राग येण्याऐवजी तिला त्याच्या त्या खांद्यांची कणव आली. जाऊ दे. त्यानं हात जोडले तरी आपले सुटे आहेत. लिंबाजी बिडी पेटवून वाट बघत बसला. हमालही सावलीला टेकले. ऊन डोक्यावर आलं होतं.

ग्यानबा परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर कुदळ होती. कोरी, नुकतीच पाणी दिलेली, टोक निळं पडलेलं. घिसाड्यांच्या भट्टीवरची. तो लिंबाजीच्या जवळून गेला आणि कुडाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, टाचेनं मातीत एक लांब रेघ ओढली. सुगंधाला कळेना तो काय करतोय. त्यानं टोपी काढून दारात ठेवली, कुदळ उचलली, आणि घातली.

"काय करायलास रं?" लिंबाजी उठून उभा राहिला.

"पाया खंदायलोय."

"कशाचा?"

"घराचा." ग्यानबानं दुसरा घाव घातला. ढेकूळ निघालं. "एवढे दिस कुडात काढले. आता दगडाचं बांधनार हाय. मालकाला सांग जा. कूड एका मानसाला पडतो. दगडाला पाडायचं म्हनलं तर लय मानसं लागत्यात, ती गोळा करू दे."

हमालांपैकी कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. लिंबाजी ग्यानबाच्या अंगावर धावून जाईल असं क्षणभर वाटलं, पण कुदळ वर-खाली होत होती आणि तिच्या आवाक्यात जायची कुणाची छाती नव्हती. सुगंधा नवऱ्याकडं बघत राहिली. मेंढरं मेल्यापासून या माणसाच्या दंडात एवढा जोर तिनं पाहिला नव्हता. घाम त्याच्या पाठीवरून ओघळत होता, आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होता, शिव्या की देवाचं नाव, ते ऐकू येत नव्हतं. माती साचत चालली. तिनं पदर कमरेला खोचला, घरातून घमेलं आणलं, खाली बसून हातांनीच माती भरली. घमेलं डोक्यावर घेऊन ती उठली, दोन पावलं चालली, आणि लिंबाजीच्या पायाशी रिकामं केलं.

"सरका," ती म्हणाली. "अजून लय खंदायचंय."